माशांच्या पेटीतलं लाकूड

चैत्र लागला की आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाला बारीक पांढरा मोहोर येतो. संध्याकाळी वारा फिरला की त्याचा गोडसर, मागून किंचित कडवट वाटणारा वास थेट स्वयंपाकघरात शिरतो. समोरच्या कुलकर्णी वहिनी त्या वेळी मुद्दाम अंगणात खुर्ची टाकून बसतात. उन्हाळ्यात एवढंच एक सुख, म्हणतात. मी खिडकी लावून घेते. आत जीव उकडून निघतो, तरी लावून घेते. वहिनींना वाटतं, मला त्या वासानं शिंका येतात. मीही तसंच वाटू देते.

याच दिवसांत नळाचं पाणी लांबतं. आमच्या पुंडलिकनगरात पाणी तसंही रोज कुठं येतं. पण उन्हाळ्यात एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंतचं अंतर असं वाढत जातं की दिवस मोजायचा कंटाळा येतो. ड्रम, हंडे, कळश्या, तेलाचे रिकामे डबे, सगळं भरून ठेवायचं आणि मग तांब्या तांब्यानं पुरवायचं. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, कपड्यांचं पाणी संडासात. पाहुणा आला की आधी पाण्याचा विचार मनात येतो आणि मग चहाचा. अशा घरात, अशा दिवसांत, काचेच्या एका पेटीत मासे पोहत होते, हे आता मलाच खरं वाटत नाही.

माझा मुलगा योगेश त्या वर्षी पुण्याहून परत आला होता. साहेब व्हायच्या परीक्षा देत होता तो. कितीतरी वर्षं देत होता. एकदा अगदी मुलाखतीपर्यंत पोचला, पण शेवटच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. पुढच्या वेळी तर पहिल्या पायरीवरच अडला. मग दोन बॅगा आणि पुस्तकांची खोकी घेऊन घरी आला. मी दार उघडलं तेव्हा म्हणाला, "आई, थोडे दिवस इथंच अभ्यास करतो." मी खोकी आत घेतली. ती कोपऱ्यात जशी ठेवली तशीच राहिली, त्यांची दोरीसुद्धा त्यानं सोडली नाही.

योगेशचे वडील तहसील कचेरीत शिपाई होते. सगळी नोकरी त्यांनी साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर काढली. आतून बेल वाजली की उठायचं, पाणी द्यायचं, कागद न्यायचे, परत बसायचं. स्वभावानं वाईट नाहीत. पण योगेश शाळेत पहिला आला त्या दिवसापासून त्यांनी एकच गोष्ट धरली. पोराला मांडीवर घेऊन ते म्हणायचे, "आपुन आत बसून बेल वाजवायची, योग्या. भाईर न्हाय बसायचं." योगेश तेव्हा टाळ्या वाजवायचा. त्याला नक्की काय कळायचं, देव जाणे. पुढं तो मोठा झाला, दाढी आली, पण त्याला दुसरं काही व्हायचं आहे का, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. त्यानंही कधी सांगितलं नाही.

परत आल्यावर तो खोलीत पडून असायचा. ताट नेलं तर जेवायचा, नाही नेलं तर मागायचा नाही. हे संध्याकाळी दारात उभे राहून एवढंच विचारायचे, फॉर्म सुटले का, भरला का. तो हो म्हणायचा. त्याच महिन्यात पुण्यातल्या अभ्यासिकेतला, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा मुलगा गेला. आजारी नव्हता. योगेशनं मला फोनवर त्याचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "याच्या डब्यातलं लोणचं मी खायचो."

दुसऱ्याच दिवशी मी सुताराला बोलावून त्याच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून घेतली. गंजली होती, असं सांगितलं. कडी चांगली नवी होती. योगेशनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि कूस बदलली. त्याला कळलं होतं. मी कढईत फोडणी टाकली तरी कान त्या दाराकडं असायचे. तो खोकला की बरं वाटायचं. पंख्याचा आवाज बंद झाला की हातातलं टाकून बघायला जायची, आणि तिथं पोचल्यावर उगीच विचारायची, चहा ठेवू का.

ती पेटी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची. खोली सोडून जाताना ते गच्चीवर टाकून गेले होते. धुळीनं काच दिसत नव्हती. मी वाळवण घालायला वर गेले तेव्हा योगेश माझ्यामागं पापडाचा पाट घेऊन आला, तेवढंच माझ्या हट्टाखातर. त्यानं त्या पेटीवरून बोट फिरवलं. मग खाली बसून सदऱ्याच्या बाहीनं काच पुसायला लागला. सदरा खराब होईल, असं मी म्हणणार होते, पण गप्प बसले. किती दिवसांनी तो आपण होऊन एखाद्या गोष्टीजवळ बसला होता.

शेजारच्या हौदात महापालिकेचे लोक डासांसाठी गप्पी मासे सोडून गेले होते. आधी त्यातलेच चार-दोन आणले. मग पैठण गेटजवळच्या दुकानातून आणखी आणले, शेपटीला पदर सुटल्यासारखे, रंगीत. सकाळी योगेश त्यांच्यासाठी उठायला लागला. पाणी भरून एक दिवस उघडं ठेवायचं, म्हणजे औषधाचा वास उडतो, मग ते पेटीत घालायचं. सगळं पाणी कधी बदलायचं नाही, थोडंच काढायचं. काढलेलं पाणी तो कढीपत्त्याला घालायचा. हे म्हणायचे, "मान्साला न्हायला पानी न्हाई अन् यांच्या माशांची चैन." पण फार मोठ्यानं नाही म्हणायचे. मी माझ्या अंघोळीतलं पाणी कमी केलं. कुणाला सांगायचं कारण नव्हतं.

पेटी मोकळी होती. तळाला नुसती वाळू. मासे सगळे एका कोपऱ्यात गर्दी करून राहायचे. कुणी जवळ गेलं की काचेवर आपटायचे. योगेश म्हणाला, "यांना लपायला जागा नाही आई. चारी बाजूंनी सगळे बघत राहतात. लाकूड पाहिजे आत." मी हो म्हणाले आणि परातीतल्या गव्हाकडं खाली बघितलं. त्याच आठवड्यात माझी नणंद येऊन गेली होती. दारातूनच म्हणाली होती, "काय साहेब, कुठंवर आली गाडी?"

त्या उन्हाळ्याची आठवण निघाली की मला सगळ्यात आधी आठवतात गच्चीवर वाळत घातलेली लाकडं. पापड-कुरडयांच्या रांगेशेजारी लाकडांची रांग. दुकानात लाकूड विकत मिळत होतं, पण योगेशला ते नको होतं. एवढी झाडं आहेत आपल्याकडं, म्हणाला. दुकानदार त्याला हसून म्हणाला होता, घर की लकडी डालोगे तो मच्छी तुम्हारे नसीब पे, भाई. योगेशनं ते घरी येऊन मला त्याच्याच आवाजात करून दाखवलं. लहानपणी तो अशा सगळ्यांच्या नकला करायचा.

लाकूड शोधायला तो घराबाहेर पडायला लागला. जुनी सायकल काढली. कुठून कुठून फांद्या, मुळ्या, बुंधे घेऊन यायचा. फोनवर वाचायचा ते इंग्रजीत असायचं. मी चौथीपर्यंत शिकलेली. तो मला मराठीत करून सांगायचा आणि मी भाकऱ्या थापता थापता ऐकायची. पाडलेल्या घराच्या चौकटीचा एक सुंदर सागवानी तुकडा त्याला मिळाला होता. तो त्यानं परत नेऊन टाकला. त्याला कधीतरी पॉलिश केलेलं असणार, रंग लावलेला असणार, ते पाण्यात सुटतं. वडाची मुळी आणली नाही, चीक असतो. कण्हेरीला तर हातही लावायचा नाही. गुलमोहोर मऊ, महिन्यात कुजेल. कपाशीच्या बांधावरचं काही नको, तिथं फवारे मारलेले असतात. खाम नदीच्या कडेला पडलेली एक मुळी बघून आला, आकार फार देखणा होता म्हणे. पण त्या पाण्यात गावभरचं काय काय वाहून येतं, ते लाकडानं पिऊन घेतलेलं असणार. ती सोडून आला आणि दोन दिवस हळहळत राहिला. मला त्याची ती हळहळसुद्धा गोड वाटली. काहीतरी हवंसं वाटत होतं त्याला.

लाकडाची परीक्षा तो अशी घ्यायचा. आधी साल पूर्ण काढायची. मग अंगठ्याचं नख रोवून बघायचं, नख रुतलं तर ते नको. वास घ्यायचा. आंबट, तेलकट, औषधी असा कसलाही वास आला तर नको. बारीक फांदी मोडून बघायची, कट्कन आवाज झाला पाहिजे. नुसती वाकली तर आत ओल आहे. एकदा मी म्हणाले, ओल असली तर काय झालं, पाण्यातच तर टाकायचं आहे. तो हसला.

"लाकूड पूर्ण मेलेलं पाहिजे आई. अर्धवट जिवंत असलं ना, की आतला रस पाण्यात सोडत राहतं. वरून कळत नाही."

मी तवा खाली उतरवला. भाकरी अर्धी कच्ची होती. तो लाकडाबद्दलच बोलत होता. तरीसुद्धा मला पुढची भाकरी थापता येईना.

शेवटी गंगापूरकडच्या माझ्या भावाच्या शेतातली पेरूची वाळलेली फांदी पसंत पडली. ती माझ्या अंघोळीच्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात उकळली. पाणी चहासारखं लाल झालं. ते ओतून परत उकळली. घरभर ओल्या खोक्यासारखा वास. कुलकर्णी वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "काय हो, आज लाकडाचं कालवण का?" मी सांगितलं, हो, वाटीभर पाठवते. योगेश आतून खळखळून हसला. मी त्या हसण्यासाठी वाटीभर काय, पातेलंभर पाठवलं असतं.

फांदी पेटीत टाकली. तिच्यावर आधी पांढरी बुरशी धरली, मला वाटलं गेलं सगळं. पण तो म्हणाला, धरते, जाते. गेलीही. मासे कोपरा सोडून फांदीखाली यायला लागले. लहान पिल्लं झाली. ती फांदीच्या बेचक्यात लपायची, मोठ्यांनी खाऊ नये म्हणून. योगेश गुडघ्यावर हनुवटी टेकवून ती मोजायचा. त्या दिवसांत मी त्याच्या दाराकडं कान लावणं थोडं कमी केलं होतं. एक दिवस मी दुपारी चक्क झोपले.

हे दारात उभे राहायचे. आता फॉर्मचं विचारत नव्हते, पण दुसरं काय विचारावं ते त्यांना सुचत नव्हतं. सुचायला सवय लागते. बाप-लेक एका घरात असून एकमेकांना उन्हासारखे चुकवत होते. एकदा रात्री जेवताना ते माझ्याजवळ म्हणाले, "लाकूडच पायजे ना त्याला? मला सांगितलं असतं तर." मी म्हणाले, तुम्ही विचारलं का? ते पुढच्या रविवारी सकाळी कुणाला न सांगता जीपनं गावाकडं गेले.

आमचं शेतही गंगापूरच्याच बाजूला आहे. तिथं विहिरीजवळ सासऱ्यांच्या हातचा कडुनिंब होता. रस्ता रुंद करताना तो पडला आणि त्याची मुळं वर्षभर उन्हात पडून होती. त्यातली एक मुळी यांनी निवडली. विळ्यानं साल तासली, विहिरीच्या पाण्यानं धुतली, पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन आणली. जीपमधल्या लोकांनी त्यांची थट्टा केली म्हणे. एक जण म्हणाला, "पाव्हनं, देव आनला का काय?" दुसरा म्हणाला, देवाला तिकीट काढलं का. हे सगळं त्यांनी आल्या आल्या चपला न काढता सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना फार वर्षांनी ऐकलं.

मुळी खरंच देखणी होती. मधे कमान, दोन्हीकडं बोटांसारखे फाटे, रंग मधासारखा. यांनी ती योगेशच्या हातात दिली. म्हणाले, "कडुनिंब हाय. किडा लागायचा न्हाई, बुरशी धरायची न्हाई. तुझ्या माशांना आजार म्हून कवा व्हायचा न्हाई."

मलाही तसंच वाटलं. आमच्या घरात कडुनिंबाला कुणी कधी नाही म्हटलेलं नाही. पाडव्याला गुळाबरोबर तो पहिला तोंडात. धान्याच्या कोठीत त्याचा पाला. योगेशला गोवर निघाला होता तेव्हा मी त्याच्या उशाशी डहाळी ठेवली होती आणि त्याचंच पाणी करून त्याला पुसून काढलं होतं. बाळंतिणीला तेच, खरूज झाली की तेच. गावातला कुठलाही माणूस मासे सुखरूप राहावेत म्हणून लाकूड शोधायला निघाला असता, तर यांनी आणलं तेच घेऊन आला असता.

योगेशनं मुळी हातात फिरवली. नख लावून बघितलं, नाकाजवळ नेली. बराच वेळ तिथंच धरली. मग यांच्या पायातल्या धुळीनं भरलेल्या चपलांकडं त्याचं लक्ष गेलं. म्हणाला, "लई भारी आहे अण्णा."

मग उकळणं सुरू झालं. पेरूची फांदी त्यानं जेवढी उकळली होती, त्याच्या कितीतरी पट ही मुळी उकळली. सकाळी उकळायचा, पाणी ओतायचा, संध्याकाळी परत. वाफेनं तोंड कडू व्हायचं. भातालासुद्धा ती चव लागली. मी म्हणाले, अरे किती, गॅस संपेल. तो म्हणाला, अजून थोडं. मला वाटलं, बापानं आणलं म्हणून जास्त काळजी घेतो आहे. संध्याकाळी हे कुठूनही आले की आधी पेटीकडं बघायचे. "टाकलं का रे?" तो म्हणायचा, उद्या. असं बरेच दिवस चाललं. यांचा चेहरा रोज थोडा पडायचा. एक दिवस ते काहीच न विचारता आत गेले. त्याच संध्याकाळी योगेशनं पेरूची फांदी काढली आणि मुळी आत ठेवली.

पेटी खरोखर सुंदर दिसायला लागली. कमानीखालून मासे ओळीनं जायचे. हे खुर्ची घेऊन योगेशशेजारी बसले. मग रोजच बसायला लागले. कुठला मासा कुणाचा, कोण भांडखोर, कोण खादाड, दोघं हळू आवाजात बोलायचे. यांनी एका जाड्या माशाचं नाव नायब तहसीलदार ठेवलं. योगेश हसला. मी स्वयंपाकघरातून त्यांच्या पाठी बघत उभी राहायची. खांद्याला खांदा लागलेला. त्याआधी असं कधी बघितलं होतं, मला आठवत नव्हतं. आणि त्यानंतरही परत दिसलं नाही.

आधी पिल्लं गेली. मग मोठे मासे पाण्याच्या वर तोंड काढून राहायला लागले, हवेसाठी धडपडल्यासारखे. योगेशनं पाणी बदललं. ते नेमके नळ लांबलेले दिवस होते. टँकरचं पाणी घेतलेलं. हे म्हणाले, टँकरवाल्यानं पावडर जास्त टाकली असणार. स्वतः कॅन घेऊन दुसऱ्या गल्लीतल्या बोअरचं पाणी आणायला लागले, भर उन्हात, गमछा डोक्याला बांधून. ज्यांनी माशांच्या पाण्यावरून एवढे दिवस टोमणे मारले, ते माशांसाठी पाणी वाहत होते. योगेश ते पाणी घ्यायचा आणि पेटीत घालायचा. मुळी जागेवरच होती. तो रोज तिच्यापर्यंत हात न्यायचा, कुणीतरी मेलेलं बाहेर काढायला, आणि तिला न हलवता हात बाहेर घ्यायचा.

शेवटचा गेला तो यांचा नायब तहसीलदार. सकाळी मुळीच्या कमानीत अडकून उलटा तरंगत होता. हे बघत राहिले. मग एकदम उठले, शर्ट घातला. टँकरवाल्याला आज सोडत नाही म्हणाले, चार लोकांसमोर त्याला जाब विचारतो, लोकांना काय विष पाजतो का. चपला शोधायला लागले. मी आड आले नाही. मलाही ते खरंच वाटत होतं.

योगेश पेटीसमोर बसला होता. मागं वळून न बघता म्हणाला, "पाण्याचा दोष नाही अण्णा. कडुनिंब माशांना चालत नाही."

हे एक चप्पल पायात, एक हातात, असे उभे राहिले. "तुला कवा कळलं?"

"आधीपासून माहीत होतं."

"आरं मग आत टाकलं कशापायी?"

योगेशनं काचेवर तळहात टेकवला. मग म्हणाला, "तुम्ही आणलं होतं."

रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. एखाद्यानं नाव विचारावं आणि आपण सांगावं, तसं सांगितलं. उकळून उकळून कडू कमी होईल, अशी त्यानं आशा धरली होती. तेही त्यानं नंतर मला सांगितलं. कदाचित चालेल, कदाचित हे मासे तगतील, असं म्हणत त्यानं ते सगळे दिवस काढले. मुळी काढली तर अण्णांना कळेल, म्हणून मासे मरायला लागल्यावरही काढली नाही.

हे खाली बसले. उंबऱ्यातच, चप्पल हातात घेऊन. मग त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की आधी मला वाटलं, ते स्वतःशीच बोलतायत.

"बाकीचं बी असंच का रे? परीक्षा अन् समदं?"

योगेशनं ओंजळीत तो जाडा मासा घेतला आणि माझ्याकडं दिला. मी तो कढीपत्त्याच्या मुळाशी पुरला. बाकीचेही तिथंच होते.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते लिहायला बसते आणि हात थांबतो. ज्याच्यासाठी तो सकाळी उठत होता ते आता घरात उरलं नव्हतं. मी गहू, डाळ, लसूण, निवडण्यासारखं जे असेल ते घेऊन त्याच्या दारासमोर बसायची. निवडलेलं परत निवडायची. हे दिवसभर देवळात जाऊन बसायचे, घरी आले की भिंतीकडं तोंड करून पडायचे. एकाच घरात मला दोन दारं राखायची होती. कुणाशी बोलावं तर काय बोलावं. वहिनींनी विचारलं, मासे दिसत नाहीत. मी म्हटलं, उन्हानं गेले.

काही झालं नाही. एवढंच मोठं सांगायचं आहे. एक दिवस योगेशनं खोक्यांच्या दोऱ्या सोडल्या, पुस्तकं रद्दीवाल्याला दिली आणि पुण्याला गेला. एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचा हिशेब ठेवतो. फोन करतो. ठीक आहे म्हणतो. साहेब होण्याविषयी आमच्या घरात कुणी बोलत नाही. पेटी मी धुऊन कपाटावर ठेवली, त्यात जुन्या गोधड्या आहेत. ती मुळी यांनी कुठं नेऊन टाकली ते मी विचारलं नाही.

हे मात्र विचारायला शिकले. उतारवयात, अडखळत शिकले. फोनवर त्याला विचारतात, दिवाळीला डाळीचे लाडू करू की रव्याचे, चालंल का? तो म्हणतो, चालेल. तुझी खोली भाड्यानं दिली तर चालंल का? चालेल. मामाच्या पोरीच्या लग्नाला नाही आलास तर चालंल? चालेल. फोन ठेवून हे माझ्याकडं बघतात. आम्हा दोघांनाही आता त्या शब्दाची भीती वाटते. माशांच्या वेळीही तो असाच, लई भारी आहे, म्हणाला होता. तो कुठं खरंच चालेल म्हणतो आणि कुठं कडू गिळून म्हणतो, ते ओळखायची रीत आम्हाला नाही. लाकूड असतं तर नख रोवून बघितलं असतं.

कधी वाटतं, ती पेटी, तो उन्हाळा, काही झालंच नसतं तर बरं होतं. तो पुस्तकं घेऊन बसला असता, हे दारात उभे राहिले असते. मग त्या अभ्यासिकेतल्या पोरामागं आमचं पोर गेलं असतं का, या विचारापाशी मी थांबते. मासे मेले म्हणून तो बोलला. नाहीतर तो कधीच बोलला नसता. असा हिशेब आईनं करू नये. पण चैत्रात खिडकी लावून घेतल्यावर अंधाऱ्या स्वयंपाकघरात तो आपोआप होतो.

गेल्या आठवड्यात तहसीलमधल्या जुन्या ओळखीच्या माणसाकडून यांना कळलं की तिथं कंत्राटावर माणूस घेणार आहेत. आत बसायचं, टेबल-खुर्चीवर, कॉम्प्युटरसमोर. दोन दिवस ते कासावीस होऊन फिरत होते. मला म्हणाले, विचारू का? मी म्हणाले, विचारलं तर तो हो म्हणेल. ते म्हणाले, त्येचंच तर भ्या वाटतंय. तरी परवा दुपारी त्यांनी फोन लावला. मी आत भाजी चिरत होते. बाहेरून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, पण शब्द लागत नव्हते. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

ते आत आले. फोन छातीशी धरलेला. ओट्याला टेकून उभे राहिले.

"नको म्हणाला," म्हणाले.

माझा हात थांबला.

"मला वाटलं ऐकू नीट आलं न्हाई. म्हून परत इचारलं. परत बी नकोच म्हणाला. म्हणला, अण्णा, मला ते नको हाय."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा असा होता की पोरगा शाळेत पहिला आल्याचं सांगायला आलेत. मी विळी बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि त्यांना म्हणाले, परत सांगा.

त्यांनी परत सांगितलं.